शेंदराखालचा हद्दीचा दगड

मित्रांनो, मला हात जोडू नका. मी एक जुना हद्दीचा दगड आहे. पाऊणशे वर्षं देवाचं सोंग घेऊन मी पार थकलो.

पाटोद्याहून जामखेडकडं जाताना माझं शेत लागतं. एका पाथरवटानं मला काळ्या खडकातून घडवलं. मग घोड्यावरून इंग्रज साहेब आला, त्यानं साखळीनं जमीन मोजली आणि मला इथं उभं पुरलं. माझ्या एका अंगावर इंग्रजी अक्षरं, दुसऱ्यावर उर्दू. तिकडं इंग्रजांचा मुलूख, इकडं निजामाची मोगलाई. निजामही इंग्रजांच्याच छत्राखाली होता, तरी हद्द ती हद्द! शेतमालकाचं घर मोगलाईत राहिलं आणि विहीर इंग्रजांत गेली. साहेबाला काय त्याचं! त्यानं घोड्याला टाच मारली.

मी मात्र ताठ होतो. दोन सरकारं पाठीशी असल्यावर दगडालासुद्धा मस्ती चढते. बाया पाण्याला निघाल्या की निजामाच्या नाक्याचा शिपाई त्यांना माझ्यापाशी अडवायचा, घागरीत मीठ आहे का कापड, म्हणून आत हात घालायचा. जाताना त्या मला लाथ मारायच्या. तेव्हा राग यायचा. आता वाटतं, बरं केलंत बायांनो.

मग एका ऑगस्टात तिकडं ढोल वाजले. इंग्रज गेला! इकडं मात्र तिरंगा सापडला तर तुरुंग. शेतमालकाच्या घरची सून बसम्मा लई धीराची. तिकडची पोरं तिरंगे आणून माझ्या बुडाशी पुरायची. बसम्मा पाण्याला येताना ते उचलायची, लुगड्यात दडवायची आणि गावोगाव पोचवायची. पुढं शिपायाला संशय आला. तो बुडाशी घुटमळताना दिसला, तशी दुसऱ्याच सकाळी तिनं मला शेंदूर फासला नि नारळ फोडला.

"हे काय गं?" शिपायानं काठी रोखली.

"म्हसोबा हाय. लई कडक हाय. उकरा की, कोण न्हाई म्हणतंय?"

शिपायानं काठी काखेत मारली. तेरा महिन्यांनी मोगलाई संपली आणि तेच तिरंगे चावड्यांवर लागले. हद्द गेली, शेंदूर राहिला. दरसाल नवा थर चढायचा. पोर होऊ दे म्हणून मला नवस बोलायचे, मला, सरकारी दगडाला!

यंदा रस्ता रुंद करायला घेतला आणि मी आलो मधोमध. गावचे पुढारी धर्मराज म्हणाले, "देव हलणार न्हाई. रस्ता वळवा." पण त्या वळणात ती विहीर बुजणार होती. बसम्माची सून कावेरी, आता स्वतःच सत्तरीची, त्याच विहिरीवर मळा पिकवते. सासूनं तिला सगळं सांगून ठेवलं होतं. पण देवाला दगड म्हणायचं, तेही भर गावापुढं?

तरी कावेरी तेलाची बाटली नि चिंधी घेऊन आली. "धर्मराजभाऊ, हा देव न्हाई. माझ्या सासूनं झेंड्यांसाठी केलेलं सोंग हाय."

"वैनी, कावून पाप डोक्यावर घेता? कोप झाला म्हंजी?"

"झाला तर माझ्यावर होऊ द्या."

तिनं चिंधीवर तेल ओतलं आणि मला घासायला घेतलं. शेंदराचे पोपडे गळू लागले. खरं सांगतो, मला रडू आलं. देवपण कुणाला सोडवतं? शेवटी इंग्रजी अक्षरं उघडी पडली, मागून उर्दू.

धर्मराज खाली बसले. त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

"माझा आजा असल्याच झेंड्यापायी तुरुंगात गेलता. कुणी दिला, कुणी दिला म्हणून लई मारला त्याला. पण त्यानं नाव न्हाई सांगितलं." त्यांनी कावेरीकडं पाहिलं. "आज कळलं, वैनी."

रस्ता सरळ गेला. यंत्रानं मला उचललं आणि विहिरीच्या काठावर, अक्षरं वर करून आडवं ठेवलं. आता कावेरी माझ्यावर घागर टेकवते. ज्या घागरींना मी अडवलं, त्यांचंच ओझं अंगावर घेतो. फार बरं वाटतं.

मित्रांनो, इकडं आलात तर माझी अक्षरं वाचा, ती बुजू देऊ नका. मला शेंदूर लावू नका. तहान लागली असेल तर पोटभर पाणी प्या. कुठून आलात, हे इथं आता कुणी विचारत नाही.