चुकीचा हिरवा

माझी सून भांडकुदळ आहे, आणि हे मी कौतुकानं सांगतेय. ती आणि माझा मुलगा मिळून घरं रंगवायची कामं घेतात. रंग ती कालवते, भिंतीला तो लावतो, आणि छटेवरून दोघांची रोज जुंपते. मी कधी मध्ये पडले नाही.

मग तिच्या छातीत गाठ निघाली. कॅन्सर. माझी नात, छोटी, तेव्हा नुकती चालायला लागली होती. डॉक्टरांनी एक बाजू काढून टाकली, पुढे केमो, केस गेले. तर या बाईनं आरशासमोर टकलावरून हात फिरवला आणि नुकतंच जावळ काढलेल्या लेकीला सांगितलं, आता आपण दोघी सारख्या. मी हसले आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

आमचे चिरंजीव मात्र एकाएकी शहाणे झाले. भांडी घासायची, औषधं द्यायची, ती म्हणेल त्याला मान डोलवायची. तिला धक्का लागेल म्हणून छोटीच्या खोलीत जमिनीवर झोपायचा. जखम भरली तरी तिथेच. शेजारणी म्हणायच्या, नवरा असावा तर असा. सून गप्प गप्प होत गेली. एकदा मला म्हणाली, मला पाहुणीसारखं वागवतोय, जणू आज ना उद्या जाणारच आहे.

बरी झाल्यावर ती पहिल्यांदा कामावर निघाली, तेव्हा छोटीला घेऊन मीही गेले. एका वकिलाची बैठकीची खोली. ठरला होता फिकट निळा. तिनं मुद्दाम शेवाळासारखा हिरवा कालवून डबा त्याच्या हातात दिला. त्यानं डब्यात पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि मुकाट्यानं आख्खी भिंत रंगवून काढली. गाढव कुठला.

"हा निळा आहे?" तिनं विचारलं.

"तुला आवडला ना? मग ठीक आहे."

"मेलेल्या माणसाशी कोणी भांडत नाही. मी जिवंत आहे. भांड माझ्याशी."

तो शिडीच्या पायरीवर मटकन बसला. भांडलो आणि तेच शेवटचं बोलणं ठरलं तर, याची भीती वाटते, असं कसंबसं म्हणाला. ती पुढे गेली. त्याचा रंगानं माखलेला हात धरला आणि शर्टावरून सपाट बाजूवर ठेवला, माझ्यादेखत. मी तोंड फिरवलं. कान मात्र तिकडेच होते.

"भयंकर रंग आहे," तो रडत म्हणाला. "डोळे फुटले होते का तुझे कालवताना?"

"आणि लावताना तुझे?"

जुंपली एकदाची. मी छोटीला कडेवर घेऊन बाहेर आले, तर वकीलसाहेब जिना चढत होते. मी दारातच आडवी उभी राहिले.

"जरा थांबा साहेब," मी म्हटलं. "आत काम चाललंय."