यानेलिसने पाठवलेला राउटर

कामाग्वेय शहराच्या त्या गल्लीत कुणाकडेही नवा राउटर आला की तो आधी नेरेइदाच्या टेबलावर जायचा. ती शाळेत भौतिकशास्त्र शिकवायची आणि उरलेल्या वेळात गल्लीतल्या चाळीस घरांचं बिनतारी जाळं सांभाळायची. राउटरमधलं कंपनीचं फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारी आतली प्रणाली, काढून जाळ्याला चालेल असं दुसरं घालणं तिच्याइतकं सफाईने कुणाला जमत नसे. हे तिलाही पुरेपूर ठाऊक होतं.

शेजारचे दामासो साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, एकटेच राहायचे. त्यांची मुलगी यानेलिस परदेशात, टॅम्पाला म्हाताऱ्या माणसांना आंघोळी घालायचं काम करायची. तिने ओळखीच्या बाईच्या बॅगेतून राउटर धाडला. दामासो तो टॉवेलात गुंडाळून घेऊन आले.

"पोरीने सांगितलंय, तळाची चिठ्ठी वाचायला सांगा. आवृत्ती का काय ते."

"काका, असे आठ चालवलेत मी या हातांनी," नेरेइदा हसली. "तुम्ही कॉफी घ्या."

"घेतो बाई. पण बघ हं, एकदा."

तिने बघितलं नाही. मॉडेलचं नाव ओळखीचं होतं, आवृत्ती दोनची फाइल हाताशी होती, ती चढवली. दिवे दोनदा लुकलुकले आणि विझले ते विझलेच. राउटर उलटा केला तेव्हा चिठ्ठीवर बारीक अक्षरात तीनचा आकडा दिसला. नाव तेच, पण आतली मेमरी निम्मी; ती फाइल त्यात मावणारच नव्हती.

दामासो समोर कप घेऊन बसले होते. तिच्या तोंडून निघून गेलं, "काका, यंत्रच खराब आलंय."

पुढचे दोन दिवस तिने खोलून, तारा जोडून तो जिवंत करायची धडपड केली. काही उपयोग झाला नाही.

खरं सांगायला जावं असं रोज मनात यायचं, आणि रोज पाय मागे यायचा. महिन्याभराने पावाच्या रांगेत कळलं, की दामासोंनी फोनवर मुलीला फैलावर घेतलं होतं. "बापाच्या गळ्यात भंगार मारलंस," म्हणाले होते. तेव्हापासून तिचा फोन नव्हता.

त्याच दुपारी नेरेइदा त्यांच्या दारात गेली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं.

दामासोंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तेव्हाच बोलली असतीस तर दोन शिव्या दिल्या असत्या आणि कॉफी संपवली असती. आता मी तिला जे बोललो, ते कोण दुरुस्त करणार?"

त्यांनी मुलीची माफी मागितली. "असू दे, बाबा," ती म्हणाली, परक्याशी बोलावं तसं. ती पाठवते ती औषधं अजून वेळेवर येतात. पूर्वी सोबत दोन ओळींची चिठ्ठी असायची, ती आता नसते.

नेरेइदाने स्वतःचा राउटर दामासोंच्या भिंतीवर लावून दिला. तो झकास चालतो. तिने यानेलिसलाही लांबलचक निरोप पाठवला, चूक कुणाची ते स्पष्ट लिहून. निरोप वाचल्याची खूण त्याच संध्याकाळी दिसली. उत्तर आलं नाही.