मेव्हण्याने परत आणलेली बंदूक

अख्खा हिवाळा हर्शेलने गॅरेजमध्ये त्या ठासणीच्या बंदुकीपायी घालवला होता. खोक्यातून सुटे भाग आले होते. अक्रोडाचा दस्ता त्यानेच घासून घासून नळीला चपखल बसवला. हरणांच्या शिकारीच्या हंगामात त्याच्या मेव्हण्याने, लॉनीने, ती मागून नेली आणि महिन्याभराने आणून टेबलावर टाकली.

"उडवलीस?"

"छे, नुसते फोटो काढले."

हर्शेलने नळीशी नाक नेलं. नासक्या अंड्याचा भपकारा आला. बंदुकीची काळी दारू उडवली की त्याच दिवशी नळी कढत पाण्याने धुवायची, हे केंटकीत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्याने गजाला चिंधी लावून आत फिरवली. ती विटकरी चिखलाने माखून बाहेर आली.

"गंजवलीस की रे."

"बरंच झालं की, दाजी," लॉनी बियरची बाटली उघडत म्हणाला. "आता कशी खानदानी दिसते. क्लबात मी पणजोबांची म्हणूनच सांगितली."

हर्शेलने त्याच्या हातातली बाटली घेतली, ती चिंधी तिच्या तोंडात कोंबली आणि गजाने नीट ठासली.

"घे. आता बियरपण पणजोबांची."