वरच्या मजल्याचं कुलूप

अहल्याक्काला सोमवारी वरच्या मजल्यावर हलवणार, असा निरोप वृद्धाश्रमातून शेजाऱ्यांच्या फोनवर आला आणि राजलक्ष्मीबाईंच्या कपाळाची शीर उठली. वर भ्रमिष्ट बायका ठेवत आणि दाराला बाहेरून कुलूप असे. अक्का, त्यांची थोरली जाऊ, गुडघ्यांनी अधू होती, डोक्याने नव्हे. मागच्याच खेपेला डबा उघडायच्या आत तिने सारात चिंच जास्त पडल्याचं वासावरून सांगितलं होतं.

कानडी पाटीची शिवाजीनगरची बस धरून बाई थेट तिथे थडकल्या. आल्या आल्या त्यांनी जावेची पापणी ताणून पाहिली, औषधाची बाटली हुंगली. झोपेचं काही पाजत असतील मेले. पडून राहिलेली म्हातारी सांभाळायला सोपी. अक्का मात्र टक्क जागी होती आणि डोळा सोड म्हणून कुरकुरत होती.

नर्स कावेरी, कालची पोर, कन्नडमध्ये समजावू लागली. विलायतेहून शिकून आलेल्या डॉक्टरने नव्या तपासणीचे प्रश्न नेमून दिले होते. त्यातला सगळ्यात सोपा, नवऱ्याचं नाव काय. तीनदा विचारलं, तर आजी तोंडाला पदर लावून भिंतीकडे बघत बसल्या.

"आजी नवऱ्याचं नाव विसरल्या, अम्मा, मग राहिलं काय?"

हसावं की हिच्या कानाखाली द्यावी, बाईंना कळेना. नवरा जिवंत असताना जे नाव अक्काच्या ओठांवर आलं नाही, ते आता या पोरीसाठी येणार होतं?

"मग तुम्ही सांगा," कावेरी म्हणाली.

झाली पंचाईत. थोरल्या दिराचं नाव राजलक्ष्मीबाईंनी तरी कधी घेतलं होतं? त्या गप्प बसल्या, तशी पोरगी त्यांच्याकडेही तपासल्यासारखी बघू लागली.

बाईंनी घसा खाकरला. "लिही. मालोजी."

पलंग करकरला. अक्का उठून बसली आणि स्वच्छ कन्नडमध्ये कडाडली, नर्सला एक अक्षर चुकू नये म्हणून. "मालोजी आमचा टांगेवाला. घोड्याचे चणे स्वतः खायचा, म्हणून मामंजींनी हाकललं त्याला. माझ्या गळ्यात टांगेवाला बांधतेस, राजी? हिला न्या वर. हिचं डोकं फिरलंय."

कावेरीने मान खाली घालून कागदावरचं खोडलं. "सरी, बरं अम्मा. आजी खालीच राहतील."

बाई मात्र उठल्या नाहीत. त्या जिन्याकडे बघत होत्या. वर कुणीतरी आतून दार वाजवत होतं.

"वरच्यांनाही हाच प्रश्न विचारलात?"

कावेरीने तपासणीचा कागद उलटा करून ठेवला.

राजलक्ष्मीबाईंनी हात पुढे केला. "किल्ली आण."