डाव्या कानाला अर्धंच ऐकू आलं

कानामागे राहणाऱ्याला स्वस्थता नसते, मित्रांनो. मी एक जुनं श्रवणयंत्र आहे. अकरा वर्षं झाली, मिशिगनच्या उत्तरेला हॅनकॉक गावात रेइनोआजोबांच्या डाव्या कानामागे माझा मुक्काम आहे. दार वाजो, चमचा पडो, सगळं गोळा करायचं आणि आत पोचवायचं. चुकलं तर माणूस चुकतो.

एका कारखान्यात एका बाईनं भिंगाखाली मला जोडलं. तिच्या नखांची टकटक हा मी ऐकलेला पहिला आवाज. आजोबा तेव्हा नुकतेच शाळेची बस चालवायचं थांबले होते. मला लावून ते अंगणात गेले आणि बुटाखाली बर्फ करकरला तसे लहान मुलासारखे हसले. "ताई, अगं, बर्फ बोलतो!" थोरल्या बहिणीला, ऐलीआजींना, त्यांनी हाक मारली. गावभर माझं कौतुक झालं.

मग कौतुक विरलं. बॅटरी संपत आली तरी आजोबा ती बदलेनात. माझ्यात मळ साचला. मी अवेळी शिट्टी मारू लागलो.

दर वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर म्हाताऱ्या माणसांना मेडिकेअरची, म्हणजे सरकारच्या आरोग्य विम्याची, व्यवस्था बदलायची मुभा असते. सात डिसेंबरपर्यंतच. त्या दिवसांत विमा विकणाऱ्यांमुळे फोन गप्प बसत नाही. असाच एक फोन आला. माझी बॅटरी अखेरच्या घटका मोजत होती.

"दात, चष्मा, शिवाय नवंकोरं श्रवणयंत्र!" पलीकडचा गोड आवाज म्हणाला. तेवढं आजोबांना ऐकू आलं. मग आवाज भरभर वाचू लागला, "तुमचे डॉक्टर यादीत नसले, तर दुसरे निवडावे लागतील. मान्य आहे ना?"

मला ऐकू आलं होतं! आत पोचवायला मी जिवाचा आटापिटा केला, पण निघाली ती नुसती शिट्टी.

"हो, हो," आजोबा म्हणाले.

"तुमचं नाव या योजनेत घालू?"

"हो, हो."

काही दिवसांनी नवं कार्ड आणि जाडजूड पुस्तिका आली. आजोबा खूश! आता आपल्या जुन्या पूरक विम्याची गरज नाही असं त्यात वाचून त्यांनी तो बंद करायचं पत्रही लिहून टाकलं. पाच डिसेंबरला ऐलीआजी कॉफी आणि वेलदोड्याचा पाव घेऊन ती पुस्तिका चाळत बसल्या आणि एका पानावर थबकल्या.

"रेइनो, यात मार्क्वेटच्या डॉक्टरबाईंचं नाव नाही."

"नसेल छापलं."

"नसेल छापलं! तुझ्या हृदयात स्टेंटची जाळी कुणी बसवली रे? त्या फोनवाल्यानं? आणि ते पत्र कुठाय?"

"कोटाच्या खिशात."

"टाकलं नाहीस ना? मग ऊठ. गाडी काढ."

बर्फ तुडवत दोघं गावच्या वाचनालयात पोचली. तिथं तळघरात लॉर्ना पेल्की नावाच्या निवृत्त परिचारिका लोकांना विम्याचे कागद समजावून देत. पगार नाही, कमिशन नाही. त्या वाचत गेल्या, आजोबा "हो, हो" म्हणत गेले. लॉर्नाबाई थांबल्या.

"रेइनो, मी आत्ता काय म्हटलं?"

आजोबांनी कागदात डोकं घातलं.

"मी म्हटलं, तुमच्या डोक्यावर कोंबडी बसली आहे. आणि तुम्ही हो म्हणालात."

ऐलीआजी खो खो हसल्या. पर्समधून बॅटरी काढून त्यांनी माझ्यात घातली आणि मला पुसलंही.

"आता ऐका," लॉर्नाबाई म्हणाल्या. "रस्ते दोन. एक, सरकारची मूळ मेडिकेअर, सोबत औषधांची योजना आणि उरलेला खर्च उचलणारा पूरक विमा. आजवर तुम्ही यावर होतात. मेडिकेअर घेणाऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे जा, पण दात आणि कान तुमचे तुम्ही बघा. दुसरा रस्ता खासगी कंपनीच्या योजनेचा. हप्ता बहुधा कमी, दातांची-कानांची थोडी सोय. पण डॉक्टर त्यांच्या यादीतले, आणि मोठ्या उपचाराला बरेचदा आधी परवानगी."

"मग दुसरा वाईट?"

"वाईट कसा? तुमची ताई सहा वर्षं त्यावरच आहे. तिचे डॉक्टर यादीत आहेत, तुमचे नाहीत. आणि पूरक विमा एकदा सोडलात, तर हृदयाचं दुखणं बघून ती कंपनी तुम्हाला पुन्हा घेईलच असं नाही."

आजोबांनी हात वर नेऊन मला चाचपलं. नवं यंत्र की जुनी डॉक्टरबाई?

"कान जुना चालेल," ते म्हणाले आणि पत्र फाडून त्यांनी चार तुकडे केले.

जुन्या औषधयोजनेत पुन्हा नाव घातलं की फोनवरची नोंद आपोआप रद्द होणार होती. मेडिकेअरला फोन लावून ताटकळत पाऊण तास गेला. तेच तेच संगीत ऐकून मी वेडा व्हायचा बाकी होतो. शेवटी पलीकडून "झालं" असं आलं, आणि या वेळी ते मी अख्खं पोचवलं.

जानेवारीत मार्क्वेटला डॉक्टरबाई म्हणाल्या, "चांगलं चाललंय." आजोबांनी तेच त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

मित्रांनो, आम्हाला पुसत जा, बॅटरी वेळेवर बदला. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसापुढे कुणी घाईनं कागद सरकवला, तर शेजारी खुर्ची ओढून बसा. मला ऐकता येतं, पण "थांबा" म्हणता येत नाही. ते तुम्ही म्हणा.