मामा सापडेपर्यंत

दिवसा गोष्ट ऐकली की ऐकणाऱ्याचा मामा वाट चुकतो, हे मोहाडीपासून थोडं आत, बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, पाळीला लागून वसलेल्या त्या गावात कुणी कुणाला शिकवलेलं नव्हतं. पाणी उताराकडे जातं हे जसं माहीत असतं, तसं ते माहीत होतं. गोष्ट सांगायची ती दिवे लागल्यावर. उजेडात सांगितली तर कुणाचा तरी मामा कुठल्या तरी फाट्यावर डोकं खाजवत उभा राहणार, यात गावाला शंका नव्हती.

नागपूरहून आलेल्या पेटीत ही माहिती नव्हती.

पेटी आणली होती पास्टर भोजराज यांनी. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना येशूच्या गोष्टी कशा सांगाव्यात, याचं शिबिर करून ते परतले होते. पेटीत एक कापडी फळा होता, त्यावर चिकटणारी रंगीत चित्रं होती, आणि मुलांची मनं सकाळी ताजी असतात, तेव्हा वेळ दहाची ठेवावी, अशी सूचना होती. सूचना करणाऱ्यानं मे महिन्यातले भंडारा जिल्ह्यातले सकाळचे दहा पाहिलेले नसावेत. त्या वेळी कुत्रीसुद्धा ताजी नसतात.

गोष्टी सांगायचं काम पंचफुलाबाईचं होतं. साठीला टेकलेली ही विधवा गावातली एकटी ख्रिस्ती. काही वर्षांपूर्वी ती दवाखान्यात महिनाभर पडून होती, तेव्हा घरचं कुणी फिरकलं नाही. एक नर्सबाई मात्र ड्युटी संपली की तिच्या खाटेशी बसायची आणि रोज एक गोष्ट सांगायची. त्यातली एक गोष्ट ऐकताना पंचफुलाबाईच्या लक्षात आलं की हरवलेलं मेंढरू आपणच आहोत, आणि कुणीतरी आपल्याला शोधत इथवर आलेलं आहे. तिनं बाप्तिस्मा घेतला. गाव आठवडाभर बोललं आणि मग धानाच्या रोवण्याचे दिवस आले म्हणून गप्प बसलं. तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच होतं, की ही गोष्ट गावातल्या प्रत्येक लेकराच्या कानावर पडली पाहिजे. पुढं मोठं होऊन मानावं की न मानावं ते त्याचं त्यानं बघावं. पण आपल्याला शोधणारा कुणी आहे हे माहीत नसताना कुणी खाटेवर पडू नये.

पोट्टे दिवसा गोष्ट ऐकत नाहीत, हे तिनं पास्टरांना सांगून पाहिलं. पास्टरांनी तिला अंधश्रद्धेवर छोटं प्रवचन दिलं आणि प्रभूला दिवसरात्र सारखेच, असं म्हणाले. हे तिला पटलं. पंचफुलाबाईला एखादी गोष्ट पटली की ती करून मोकळी व्हायची, याचा अनुभव गावानं घेतलेला होता. शिवाय तिचे स्वतःचे दोन्ही मामा केव्हाच वारले होते, त्यामुळे त्या बाजूनं काही धोका नव्हता.

तिनं घरोघर जाऊन विचारलं. येशूच्या गोष्टी सांगणार आहे, कुणाला चालत नसेल तर आत्ताच सांगा. येशूला कुणाची हरकत निघाली नाही. पोरं तेवढा वेळ मोबाइल सोडतील, यावर आयांचं एकमत होतं. हरकत होती ती दहाला. शेवटी कलाबाईनं तोड काढली. हर्षा नावाच्या नऊ वर्षांच्या नातीची ही आजी. गावात कुठलाही तंटा तिच्या ओसरीवरून गेल्याशिवाय मिटत नसे. तिची तोड अशी की ज्याला ऐकायचंच आहे त्यानं सदऱ्याच्या टोकाला गाठ मारून बसावं. म्हणजे मामाची वाट बांधून राहते.

ठरल्या दिवशी पंचफुलाबाईच्या अंगणातल्या मांडवाखाली पोरं जमली. सगळ्यांच्या सदऱ्यांना गाठी होत्या. पास्टरांनी त्या पाहिल्या आणि फळा सरळ करण्यात लक्ष घातलं.

चित्रात पांढरंशुभ्र, गुबगुबीत मेंढरू होतं. एका पोरानं हा कापूस आहे का, असं विचारलं. गावात मेंढरू कुणी पाळत नव्हतं. पंचफुलाबाईनं चित्र तिथंच राहू दिलं आणि बकरी सांगितली. पास्टर हळूच मेंढरू, मेंढरू म्हणाले. ती म्हणाली की हरवल्यावर दोघींची गत सारखीच. तिनं शंभर बकऱ्यांचा कळप उभा केला, तो राखणारा ढोरकी उभा केला, संध्याकाळी मोजताना एक कमी भरली तशी पोरांची हुंकारी थांबली. ढोरक्यानं काठी उचलली, बाकीच्या नव्व्याण्णव तिथंच ठेवल्या आणि तो जंगलात शिरला.

तेवढ्यात कलाबाई अंगणात आली.

हर्षाचा मामा, म्हणजे कलाबाईच्या सुनेचा भाऊ जागेश्वर, गोसीखुर्दच्या धरणात गाव गेल्यावर पवनीकडच्या पुनर्वसन वसाहतीत राहत होता. तो आज भाचीला सुट्टीसाठी न्यायला सकाळच्या गाडीनं येणार होता. गाडी येऊन गेली होती. मामा आला नव्हता. फोन बंद होता. एरवी जागेश्वर दोन दिवस उशिरा आला असता तरी कलाबाईनं त्याच्या नावानं चार शब्द बोलून चहा टाकला असता. पण आज गोष्ट दिवसा झाली होती. तिनं हर्षाचा सदरा धरून पाहिला. गाठ सुटलेली होती.

थोड्या वेळात अंगणात अर्धं गाव जमलं. चंद्रकुमार नावाचा एक तरुण होता, त्याला कुठल्याही प्रसंगाचा व्हिडिओ काढायची सवय होती. त्यानं मोबाइल वर धरला आणि इथं धर्मांतर चालू आहे, अशी सुरुवात केली.

"धर्माचं मंग पाहू," कलाबाई त्याच्याकडे न बघता म्हणाली. "आंदी मामा पाह्यचा हाय. तो मोबाइल हायच हातात त जागेश्वरले फोन लाव."

चंद्रकुमारनं फोन लावला. तो बंदच होता.

मग कलाबाई पंचफुलाबाईकडे वळली. आवाज चढवायची तिला गरज नव्हती.

"पंचफुले, तुह्या देवासंग माह्यं भांडन नाई. पन दिवे लागेपर्यंत जागेश्वर आला नाई, त या गावातला एकही पोट्टा तुह्या अंगनात पाय ठेवनार नाई. ना दिवसा, ना राती."

पास्टरांचा चेहरा उतरला. पेटी आवरावी, काही महिने जाऊ द्यावेत, असं त्यांनी पंचफुलाबाईच्या कानाशी सांगितलं. आधी सर्वांनी मिळून प्रार्थना करावी, असंही सुचवलं. पंचफुलाबाईनं मोटारसायकल सुचवली.

"प्रार्थना गाडीवर करू," ती म्हणाली. "ढोरकी जंगलात गेला हाय. त्याले तिथं सोडून पेटी कशी भरता?"

अर्धी गोष्ट टाकून उठायचं नसतं, हेही त्या गावात सगळ्यांना माहीत होतं. सांगणाऱ्यानं नाही आणि ऐकणाऱ्यानंही नाही. तिनं पोरांना तसंच बसायला सांगितलं, जेवायला घरी जाऊन परत इथंच यायला सांगितलं, आणि कलाबाईला म्हणाली, "मी येईपर्यंत पोट्ट्यायजवळ तुमी बसा. एकही हलला नाई पायजे." कलाबाई रागात होती, पण हुकूम सोडायची तिला सवय होती, ऐकायची नव्हती. त्यामुळे नाही कसं म्हणायचं हे तिला पटकन सुचलं नाही. ती बसली.

जाताना पंचफुलाबाईनं हर्षाला एकच विचारलं, मामा येताना काय आणणार होता? हर्षा म्हणाली, सायकल. गुलाबी.

पास्टर गाडी चालवत होते आणि मागं पंचफुलाबाई डोक्यावरून पदर घट्ट ओढून बसली होती. वर ऊन असं होतं की मोहाडी ओलांडेपर्यंत पास्टरांची प्रार्थना फक्त सावलीसाठी उरली. वाटेत ते एकदा म्हणाले की बाई, समजा नाही सापडला तर? ती म्हणाली की त्या ढोरक्यानं असं विचारलं होतं असं काही लिहिलेलं आहे का? पास्टरांनी आठवून पाहिलं. लिहिलेलं नव्हतं.

पवनीहून येणाऱ्याला भंडाऱ्याला गाडी बदलावी लागते. तिथल्या बस स्टँडवर माणूस शोधणं कठीण आहे, पण गुलाबी सायकल घेतलेला माणूस शोधायला फारसे कष्ट पडत नाहीत. चहावाल्यानं प्रश्न पुरा व्हायच्या आत सांगितलं. हो, होता तसा एक जण. मोहाडीवरून जाणाऱ्या तुमसरच्या गाडीतला कंडक्टर सायकल वर घेऊ देईना. दोघांची अशी जुंपली की गाडी निघून गेली. तो खाली सायकल धरून उभा होता, तर एक पिकअप येऊन थांबली. त्यातून एक जण उतरला, दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि भर स्टँडवर गळ्यात गळा घालून रडले. चहाचेही पैसे द्यायचे राहिले. पिकअपवर लाखनीचं पंक्चरचं दुकान लिहिलेलं होतं.

पास्टरांनी घड्याळ पाहिलं. पंचफुलाबाईनं त्यांना चहाचे पैसे द्यायला सांगितलं आणि ती गाडीवर जाऊन बसली.

लाखनीत हमरस्त्याला ट्रकांची रांग लागलेली होती. तिच्या पलीकडे, पंक्चरच्या दुकानामागं, टिनाच्या सावलीत जागेश्वर ताटावर बसलेला सापडला. सायकल खाटेला टेकून उभी होती. त्याच्यासमोर डोमा होता. बुडालेल्या गावात दोघांची घरं भिंतीला भिंत लागून होती. गाव उठलं तेव्हा एकाला एका वसाहतीत प्लॉट मिळाला, दुसरा पोटामागं हायवेवर आला, आणि त्यानंतर दोघांची गाठ आज पडली. डोमानं म्हटलं, चल, घर पाह्य, संध्याकाळी मीच सोडून देतो. तो बसला. फोनची बॅटरी उतरली हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

दारात उन्हानं काळीठिक्कर पडलेली अनोळखी बाई आणि मागं पांढऱ्या शर्टातला माणूस बघून जागेश्वरचा घास हातातच राहिला.

"मी वाट नाई चुकलो, बाई," सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला. "आमच्या गावाले वाटच नाई राहिली आता. पान्यात हाय. मंग तिथला मानूस दिसला का मी त्याच्याच मागं जातो." हातातला घास ताटात ठेवून त्यानं विचारलं, "पन तुमी कोन माह्या? एवढ्या उन्हात मले पाहत कायले आल्या?"

पंचफुलाबाईनं पदरानं तोंड पुसलं. हाच प्रश्न तिनं दवाखान्यातल्या खाटेवरून नर्सबाईला विचारला होता. तिला वाटलं होतं आपण पुढं कधी कुणाला उत्तर देऊ तेव्हा ते लांबलचक असेल.

"मले बी असंच कोनी पाहत आलं होतं," ती म्हणाली. "चला. पोट्टे बसून हायेत."

डोमाच्या पिकअपमध्ये सायकल चढली, जागेश्वर चढला, आणि डोमा शब्दाला जागून मोटारसायकलीच्या मागोमाग गावापर्यंत आला. बोडीच्या पाळीवर गाडी वळली तेव्हा गावात दिवे लागत होते. अंगणात सगळी पोरं होती. एकही हललेलं नव्हतं, किंवा हललं असेल तर कलाबाईनं परत आणून बसवलेलं होतं. दोन पोरांचे कान लाल दिसत होते. हर्षा मामाला सोडून आधी सायकलीला बिलगली, ते कुणी मनावर घेतलं नाही.

कलाबाईनं जागेश्वरला वरपासून खालपर्यंत पाहिलं, चार शब्द सुनावले आणि मग निर्णय दिला. मामा चुकला म्हणजे चुकलाच, तो म्हणो काहीही. तेव्हा यापुढं गोष्ट दिवे लागल्यावर. पण बंद नाही. पास्टरांनी मान डोलावली. पेटीतल्या सूचनेत खाडाखोड करायची त्यांची तयारी झालेली दिसली. चंद्रकुमारचा मोबाइल खिशात होता, आणि तो पोरांच्या मागं मांडी घालून बसला होता.

पंचफुलाबाईनं पाणीसुद्धा घेतलं नाही. ती तशीच मांडवाखाली बसली आणि ढोरक्याला जिथं सोडलं होतं तिथून उचललं. काटे, नाला, अंधार. मग झुडपात अडकलेली बकरी, तिचं ओरडणं, त्यानं तिला खांद्यावर घेणं. हा ढोरकी म्हणजे येशू, असं तिनं सरळ सांगितलं. तो ज्याला शोधायला निघतो त्याला आणल्याशिवाय परतत नाही, आणि मला त्यानं असंच आणलं, म्हणून मी सांगते. घरी आल्यावर ढोरक्यानं सगळ्या गावाला जेवायला बोलावलं. गोष्ट संपली.

जागेश्वर आणि डोमा एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून खाली बघत होते.

"एक सांग," कलाबाई म्हणाली. दिवसभर पोरं सांभाळून तिची पाठ धरली होती. "तो एकीच्या मागं गेला, ते ठीक. पन बाकीच्या नव्व्यान्नव कोनाच्या भरोशावर सोडल्या होत्या त्यानं?"

पास्टरांनी तोंड उघडलं. याचं उत्तर शिबिरात झालेलं होतं.

"असंल ना तिथं," पंचफुलाबाई त्यांच्या आधी म्हणाली, "तुमच्यासारखी एखादी."

कलाबाईनं यावर विचार केला. मग तिनं पोरांकडे पाहिलं, हिच्या गोष्टीत आपण निघालो आहोत हे तिला फारसं गैर वाटलेलं दिसलं नाही, आणि उद्या दिवे लागले की सगळ्यांनी वेळेवर यायचं, असं तिनंच फर्मावलं. गाठी मारून यायचं, हेही सांगितलं. उगाच धोका कशाला.