विजेची बेगमी

वायरमन रबीने स्वयंपाकघराच्या दारावरचा लाल दिवा पिळून काढला आणि नुहादच्या हातात ठेवला.

"हा आता कशाला, मावशी? सरकारी वीज कधी आली, कधी गेली, तुम्हाला कळणारसुद्धा नाही."

"कळायला नको?"

"कळू नये म्हणूनच तर एवढा खटाटोप!"

कोठीच्या खोलीत, अक्रोड भरलेल्या वांग्यांच्या बरण्या सरकवून त्याने दोन बॅटऱ्या बसवल्या होत्या आणि छपरावर सौर पॅनेल. हे सगळं बेरूतच्या लेकीने, हिंदने, करून घेतलं होतं. गेल्या हिवाळ्यात डिझेल संपून गल्लीतला जनरेटर बंद पडला, त्याबरोबर शुक्रीचं ऑक्सिजनचं यंत्रही. नवऱ्याचे ओठ निळे पडताना नुहादने तेव्हा पाहिले होते, आणि तो घोर तिच्या जिवाला उन्हाळाभर लागून राहिला होता.

रबीने निघताना तिसऱ्यांदा बजावलं, "बर्फ पडलं की पॅनेल झोपणार. मग बॅटरीवर फक्त काकांचं यंत्र, फ्रिज आणि दिवे. बॅटरीच्या पडद्यावरचा टक्क्यांचा आकडा दहाच्या खाली गेला की सगळं आपोआप बंद."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?" असं म्हणून नुहादने दिवा चमच्यांच्या खणात टाकला.

तीस वर्षं त्या दिव्याने घर चालवलं होतं. तो फक्त सरकारी विजेवर पेटायचा, आणि पेटला की हातातलं टाकून धावायचं. वॉशिंग मशीन, गिझर, इस्त्री, पंप, सगळं एकदम, कारण दोन तासांत सरकारची वीज पाठ फिरवणार. सासऱ्यांच्या मयताला जमलेल्या बायकाही शेजारच्या वदादची "आली गं आली!" ही हाक ऐकून निम्म्या उठून गेल्या होत्या, आणि कुणाला त्यात वावगं वाटलं नव्हतं.

जानेवारीत बर्फ सुरू झालं ते तीन दिवस थांबेना. घाटातला रस्ता बंद झाला, जनरेटर मुका झाला. नुहाद दोन रात्री यंत्राची घरघर ऐकत जागी होती. तिसऱ्या दिवशी दुपारी शेगडीपाशी बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. दचकून जागी झाली, तर मोरीवरचा दिवा लख्ख पेटलेला.

भरदुपारी दिवा! पायांनी डोक्याला विचारलंच नाही. तिने चादरी मशीनमध्ये कोंबल्या, गिझर लावला, इस्त्री तापत ठेवली. आज नशीब जोरावर होतं, वीज जाता जात नव्हती. शुक्रीचे सदरे इस्त्री करता करता ती लग्नातलं कुठलंसं जुनं गाणं गुणगुणू लागली.

कोठीतून टिटवीसारखा आवाज आला तेव्हा पाचवा सदरा हातात होता.

ती धावली. पडद्यावर तेरा. मोरीवरचा दिवा बॅटरीवरच पेटलेला होता. गिझर, मशीन, इस्त्री, एकेक बंद करत ती शुक्रीच्या खोलीकडे वळली आणि उंबऱ्यातच थबकली. यंत्राची घरघर थांबली होती.

शुक्री पलंगावर उशीला टेकून बसला होता. नळी नाकात, बोट यंत्राच्या बटणावर, आणि ओठांना तोच रंग.

"थोडी... शिल्लक ठेवत होतो," तो म्हणाला.

नुहादने बटण दाबलं. घरघर सुरू झाली. नळी सरळ करायला तिला दोनदा प्रयत्न करावा लागला.

"अक्कल गहाण टाकलीस का म्हाताऱ्या? मशीन लागलेली ऐकू येत नव्हती?"

"येत होती."

"मग सरकारी वीज आलीय असं वाटलं ना तुलापण?"

त्याने नाही म्हणून मान हलवली. श्वास जागेवर यायला वेळ लागला.

"वीज आली असती तर वदाद ओरडली नसती? तिचा पंप नाही वाजला. सगळी गल्ली गप्प होती."

"म्हणजे तुला ठाऊक होतं! मग मेल्या, हाक का नाही मारलीस?"

शुक्री खिडकीकडे बघत राहिला. बाहेर बर्फ पडतच होतं.

"तू गात होतीस," तो म्हणाला. "गेल्या हिवाळ्यापासून ऐकलं नव्हतं."

नुहादला रडू आलं ते तिने रागावर ढकललं आणि तरातरा स्वयंपाकघरात गेली. खणातून लाल दिवा काढला, स्टुलावर चढून जुन्या जागी पिळून बसवला. मग फ्रिज आणि सगळे दिवे बंद करून पलंगापाशी येऊन बसली. तिथून तो दिवाही दिसत होता आणि शुक्रीचे ओठही.

आकडा बारा झाला. उजेड कमी होऊ लागला तसा अकरा.

शुक्रीचा हात तिच्या हातात होता, आणि ती त्याचे श्वास मोजत होती.

दारावर लाल उजेड पडला. पलीकडून वदाद गल्ली दणाणून सोडत ओरडली, "आली गं आली!" घराघरांतून पंप सुरू झाले. नुहादचे गुडघे सवयीने उचलले गेले.

"ऊठ की," शुक्री म्हणाला. "चादरी ओल्या पडल्यात, कुबट वास येईल."

"येऊ दे," ती म्हणाली, आणि बसून राहिली.

थोड्या वेळाने, आधी अगदी हळू, तिने ते गाणं पुन्हा धरलं.